तेरा महिने झाले, अजून सवय का होत नाही?

पत्र:

ताई, मी मूळची सांगलीची, वय २४, पूर्व जर्मनीत मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतेय. कोर्स इंग्लिशमध्ये आहे. मागच्या ऑक्टोबरमध्ये आले. सगळे म्हणाले होते की सहा महिन्यांत सवय होते. तेरा महिने झाले, सवय राहू दे, उलट आता जास्त जड जातंय. उन्हाळ्याच्या परीक्षेत दोन विषय उडाले. आयुष्यात कधी एटीकेटी लागली नव्हती मला. घरी सांगितलेलं नाही. बाबांनी घर तारण ठेवून लोन काढलंय. आई रोज व्हिडिओ कॉल करते, तेव्हा मी केस विंचरून लाईटखाली बसते आणि मस्त चाललंय म्हणते. फ्लॅटमध्ये आम्ही चौघी, चौघीही महाराष्ट्रातल्या, त्यामुळे जर्मन बोलायची वेळच येत नाही, आणि हल्ली त्यांच्याशीही बोलावंसं वाटत नाही. रात्री तीनला झोपते, दुपारी उठते, लेक्चर बुडतं. कधी कधी उठूच नये असं वाटतं. माझी लायकीच नव्हती का इथे यायची? परत यावं का?

उत्तर:

अगं, बाकी सगळं नंतर, आधी एक विचारते आणि आडून विचारत नाही. "उठूच नये" असं जे लिहिलंयस ते दुपारी अंथरुणातून उठण्याबद्दल आहे की एकूणच नकोसं झालंय? दुसरं असेल, मरणाबिरणाचे विचार येत असतील तर पुढचं वाचायचं सोड आणि शेजारच्या खोलीतल्या पोरीचं दार वाजव, मध्यरात्र असली तरी वाजव, आणि तिला एवढंच सांग की मला एकटं सोडू नको. जर्मनीत ११२ हा इमर्जन्सीचा नंबर आहे, आणि टेलिफोनझेलझोर्गे म्हणून हेल्पलाइन आहे, ०८०० १११ ० १११, रात्रंदिवस चालू, फुकट, नाव सांगावं लागत नाही. तिथे बहुतेक जर्मनमध्येच बोलतात, म्हणून म्हणते, मैत्रिणीला शेजारी बसवून फोन लाव.

तसं नसेल, नुसती मरगळ असेल, तरी ती "नुसती" नाहीये. दिवस उलटा झालाय, वर्ग बुडतोय, माणसं नकोशी झालीत, हे किती आठवडे चाललंय ते तू लिहिलं नाहीस पण पत्रावरून बरेच दिसतायत. तुमच्या युनिव्हर्सिटीच्या श्टुडिएरेंडेनवेर्कची (तेच गं, मेन्झा म्हणजे कॅन्टीन आणि हॉस्टेलं चालवतात ते) मानसिक समुपदेशनाची सोय असते. विद्यार्थ्यांना फुकट, बोललेलं बाहेर जात नाही, प्रोफेसरला कळत नाही, व्हिसा ऑफिसला कळत नाही, आणि खूप ठिकाणी इंग्लिशमध्ये बोलणारं कुणीतरी असतं. वेबसाइटवर जा, मेल टाक, अपॉइंटमेंट घे. पहिली वेळ मिळायला थोडे दिवस लागतात म्हणून आजच टाक, बरं वाटायची वाट बघत बसू नकोस. तुझा सरकारी विमा असेल तर हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन झोपेचं सांगितलंस तरी चालेल. तिथे मानसिक उपचारसुद्धा विम्यात बसतात, फक्त थेरपिस्टची रांग फार लांब असते.

आता तुझ्या "सहा महिन्यांत सवय होते" कडे येते, कारण मला वाटतं तुला निम्मा त्रास त्या वाक्याचाच होतोय.

या म्हणण्याच्या मागे एक जुना अभ्यास आहे. १९५५ साली स्वेर्रे लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाने फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांशी बोलून लिहिलं की सुरुवातीला बरं चालतं, मग घसरगुंडी होते, मग परत वर येतं, इंग्लिश यू अक्षरासारखं. आणि गंमत अशी की त्याच्या हिशोबात सगळ्यात वाईट काळ कुठला होता, तर सहा ते अठरा महिने! म्हणजे ज्या सहा महिन्यांनी लोक तुला सुटका देत होते तिथून त्याच्या हिशोबाने खड्डा सुरू होतो, आणि तू बरोबर मधोमध उभी आहेस. पण त्यातही मेख आहे. त्याने एकाच माणसाला वर्षभर धरून पाहिलं नव्हतं, कमी दिवस राहिलेली माणसं वेगळी आणि जास्त दिवस राहिलेली वेगळी, त्यांची तुलना केली होती. पुढे कॉलीन वॉर्ड आणि तिच्या सोबतच्या संशोधकांनी न्यूझीलंडला शिकायला आलेल्या जपानी मुलांना पहिल्या दिवसापासून वर्षभर परत परत विचारलं, तेव्हा यू बी काही दिसला नाही, त्या मुलांना सगळ्यात जड गेलं होतं ते अगदी सुरुवातीला. तर वेळापत्रक असं काही नाही. एसटीसारखं "सहा महिन्यांनी सवय येणार" म्हणून स्टँडवर उभं राहायचं आणि ती आली नाही की आपल्यातच खोट आहे समजायचं, हे बंद कर.

त्याच वॉर्डबाईंनी एक फार उपयोगी काम केलंय, त्यांनी अ‍ॅडजस्टमेंटची दोन खाती वेगळी केली. एक मनाचं खातं: झोप, मूड, एकटं वाटणं. दुसरं तिथलं रोजचं जगणं जमण्याचं: प्रोफेसरशी कसं बोलायचं, परीक्षेचा फॉर्म कुठे, कचरा कुठल्या डब्यात, शेजाऱ्याशी काय बोलायचं. दुसरं खातं शिकून भरतं, सायकल शिकतो तसं, आपटत आपटत. पहिल्याला माणसं लागतात, आधार लागतो, कधी डॉक्टर लागतो. आणि तू काय केलंस, दोन्ही खात्यांतला तोटा एकत्र केलास आणि बेरजेच्या खाली "लायकी" असं लिहून मोकळी झालीस. लायकीचा इथे संबंध कुठे आला?

आधी दुसरं खातं, त्यात हातात धरता येईल असं बरंच आहे.

तू इंजिनिअरिंग महाराष्ट्रात केलंस ना, मग आठव. टर्म वर्क, सबमिशनची रात्र, फाइलवर सहीसाठी सरांच्या केबिनबाहेर रांग, इनसेम, ओरल, ७५ टक्के अटेंडन्स नाही भरली की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आणि घरी फोन. शिव्या घालायचो आपण सगळे, पण त्याच गोष्टींनी आपल्याला वर्षभर ढकलत नेलेलं असतं. जर्मनीत कुणी ढकलत नाही. लेक्चरला आलीस काय नि न आलीस काय, बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही, शेवटी दीड-दोन तासांचा एक पेपर आणि अख्ख्या विषयाचं नशीब त्यात. जिला लहानपणापासून कुणीतरी मागून ढकललंय तिला एकदम मोकळं सोडलं की ती थांबते, यात आळस नाही आणि बुद्धीही कमी नाही. मी तिथे शिकायला गेले तेव्हा मला तर पहिले सहा महिने कळलंच नव्हतं की अभ्यास सुरू कधी करायचा असतो, कारण सुरू कर असं कुणी म्हणतच नव्हतं.

त्यात मार्क उलटे. १.० सगळ्यात भारी, ४.० ला पास, ५.० म्हणजे उडाला. मी पहिल्यांदा घरी फोनवर १.७ मिळाले सांगितलं तर आई गप्पच झाली, मग हळूच म्हणाली, दहापैकी का गं?

तर तुझे ते दोन विषय. ५.० म्हणजे तिथली एटीकेटी समज, जास्त काही समजू नकोस, पण कमीही समजू नकोस, कारण एका विषयाला बसायच्या संधी मोजक्या असतात, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत तीन, आणि शेवटची गेली तर तो कोर्सच हातचा जातो. तुमच्या नियमावलीत नक्की काय लिहिलंय ते स्वतः वाच, सीनिअर सांगतात त्यावर जाऊ नकोस. परत बसायला वेगळं रजिस्ट्रेशन लागतं आणि त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, फेब्रुवारीत परीक्षा असेल तर पोर्टल आजच उघडून बघ. आजारी असशील तर परीक्षेच्या आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट देऊन माघार घेता येते, मग ती संधी वाया जात नाही. हे न कळल्यामुळे तापात पेपर देऊन आलेली पोरं मी पाहिलीत.

आणि एक गोष्ट आपल्या मुलांना माहीतच नसते, किंवा माहीत असून लाजेने जात नाहीत: आइनझिश्ट. निकालानंतर तुझा तपासलेला पेपर तुला समोर बसून बघता येतो, त्याची तारीख लागते, प्रोफेसरचा असिस्टंट बसलेला असतो. आपल्याकडे रिव्हॅल्युएशनला पैसे भरून महिनाभर वाट बघायची सवय, त्यामुळे हे खरंच वाटत नाही. जा, मार्क कुठे गेले बघ, मिळायला हवे होते असं वाटलं तर तिथेच विचार. नाही मिळाले तरी आपण नक्की कुठे चुकतोय ते कळतं, आणि खूपदा निघतं असं की विषय येत होता पण उत्तर त्यांना हवं तसं मांडलेलं नव्हतं. उन्हाळ्याच्या पेपरची तारीख निघून गेली असेल तर मेल करून विचार, फार तर नाही म्हणतील. आणि त्यांचं "नाही" हे नुसतं नाही असतं बरं का, त्यात राग नसतो. दोन शब्दांचा मेल आला म्हणून दोन दिवस रडत बसायचं नसतं (मी बसले होते).

विचारायला घाबरतेस? बर्लिनला १९२८ साली आपल्या इरावती कर्वे शिकायला गेल्या. सासरे म्हणजे महर्षी कर्वे, बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलेला माणूस, तर त्यांचाच या जाण्याला विरोध होता. तिथे गाठ पडली ऑयगेन फिशरशी, वंशश्रेष्ठत्व मानणारा मोठा प्रोफेसर. बाईंनी कवट्यांची मोजमापं घेतली आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असं, म्हणजे गुरूला नको असलेलं, प्रबंधात लिहून पीएचडी घेऊन आल्या. तू तर फक्त तीन मार्क कुठे गेले एवढंच विचारणार आहेस.

फाखशाफ्टकडेही जा, विभागाच्या विद्यार्थी प्रतिनिधींचं ऑफिस असतं ते, खूप ठिकाणी त्यांच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिकांचा साठा असतो. आणि तिथे कॉफीचं मशीन असतं. आणि जर्मन पोरं असतात. यावर पुढे येतेच.

आता घर.

मी गेले २००२ च्या ऑक्टोबरमध्ये, ड्रेस्डेनला. तेव्हा पाच युरोचं कॉलिंग कार्ड घ्यायचं, मागचा नंबर खरवडायचा आणि रविवारी बूथवरून घरी फोन. आठवड्यातून एकदाच, त्यामुळे मी आठवडाभर वहीत लिहून ठेवायचे की काय काय सांगायचं, आणि त्या वहीत वाईट गोष्टीसुद्धा असायच्या पण रविवार येईपर्यंत त्यांची धार गेलेली असायची. तुझं तसं नाही. तुला रोज, त्या त्या दिवसाची रडकी गोष्ट ताजी असताना, कॅमेऱ्यासमोर हसायचंय. आता घड्याळं मागे गेल्यामुळे साडेचार तासांचा फरक झालाय, म्हणजे आई जेवणं आटोपून रात्री नऊला फोन करते तेव्हा तुझ्याकडे दुपारचे साडेचार, बाहेर अंधार पडत आलेला, आणि तू उठून दोन तास झालेले. अशा वेळी "मस्त चाललंय" म्हणायचं म्हणजे रोज एक प्रयोग लावायचा, तोही हाउसफुल. दमणारच माणूस! मला विचारशील तर त्या दोन विषयांनी तुझी झोप घालवली नाहीये, ते लपवण्याने घालवलीये.

सांग घरी. रडत रडत अकरा वाजता नको, आणि आधी पेपर निघेल मग सांगू असंही नको. शनिवारी सकाळी वेळ ठरवून, दोघंही शेजारी असताना, आणि जे ठरवलंयस त्याच्यासकट. असं काहीतरी: "बाबा, मी दोन विषयांत नापास झाले. परत देता येतात, फेब्रुवारीत देणार आहे. कदाचित एक सेमिस्टर वाढेल. मला झोप लागत नाहीये, त्यासाठी इथल्या काउन्सेलरची वेळ घेतलीये. मला तुमच्याकडून आत्ता काही नको, फक्त रोज अभ्यास झाला का विचारू नका." एवढंच. ते गप्प होतील, आई रडेल, बाबा बहुतेक पहिलं लोनचं विचारतील आणि ते ऐकून तुला लागेल. लागू दे. लोनचं उत्तर तयार ठेव: बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारण कोर्स संपल्यावर वर्षभरापर्यंत हप्ता सुरू होत नाही, तुमच्या कागदात नक्की काय आहे आणि कोर्स लांबला तर काय करायचं हे बाबांना शाखेत जाऊन विचारायला सांग. बाबांना करायला काहीतरी काम लागतं, नुसती काळजी करता येत नाही त्यांना, माझ्या वडिलांचंही तसंच होतं. आणि जर्मनीत चार सेमिस्टरचं मास्टर्स पाच-सहा सेमिस्टरला करणारे ढिगाने असतात, जर्मनसुद्धा, तिथे त्यात कुणाला काही वाटत नाही.

कॉल आठवड्यातून तीन करा. आईला वाईट वाटेल, पण रोजच्या दहा मिनिटांच्या खोट्यापेक्षा तीनदा अर्धा तास खरं बोललेलं तिलाही परवडेल. आणि तिला तिच्या गोष्टी सांगायला लाव गं, गल्लीत काय चाललंय, भिशीत काय भांडणं झाली. सारखं तूच का परीक्षेला बसायचं?

माणसांचं म्हणशील तर, तुला वाटत असेल ही बाई आता म्हणणार मराठी फ्लॅट सोड आणि जर्मन लोकांत मिसळ. नाही म्हणत. १९७० च्या दशकात स्टीफन बॉख्नर या संशोधकाने हवाईच्या युनिव्हर्सिटीतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्र्या तपासल्या तेव्हा तीन वर्तुळं दिसली. आपल्या देशातली माणसं, ज्यांच्याजवळ आपली भाषा आणि आपले सण राहतात. तिथली स्थानिक माणसं, जी बहुतेक अभ्यास आणि कामांपुरती असतात. आणि तिसरे, इतर देशांतून आलेले, ज्यांच्याबरोबर मजा करायची. तिन्हींचं काम वेगळं, एकाचं दुसऱ्याने होत नाही. तुझ्याकडे पहिलंच वर्तुळ आहे आणि त्याच्यावरच सगळा भार आलाय, म्हणून तर त्या तिघींशीही बोलावंसं वाटेना झालंय. चौघी एकाच खड्ड्यात बसून एकमेकींना खड्डा किती खोल आहे ते सांगताय.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले तेव्हा आधी युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलात राहिले, तिथलं जेवण मानवेना, मग भारतीय विद्यार्थी राहायचे त्या क्लबात गेले, आणि तिथून परत हॉस्टेलात, नवल भथेना नावाच्या पारशी मित्राबरोबर. ती मैत्री आयुष्यभर टिकली. आता एवढा जिद्दीचा माणूस, पण त्यांनी सोसत बसण्यात वेळ घालवला नाही, खोली बदलली. आपल्याकडे अ‍ॅडजस्ट करणे म्हणजे सोसणे असा अर्थ झालाय, लोकलमध्ये चौथी सीट मागतात तसा. इथे तो अर्थ घेऊ नकोस.

स्थानिक माणसांचं मात्र खरंच अवघड आहे, ते मान्य. जर्मन माणूस शेजारी राहून वर्षभर "हालो" पलीकडे जात नाही आणि आपण समजतो की आपल्याला टाळतोय. माझी एक गोष्ट सांगते. मी गेले त्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, एल्बेला मोठा पूर आला होता, ड्रेस्डेनमध्ये पाणी नऊ मीटरच्या वर गेलं होतं. आमच्या बिल्डिंगच्या तळघराला नोव्हेंबरमध्येही ओलीचा वास यायचा. तुम्हा सांगलीकरांना तो वास सांगायला नको. तळमजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, माझ्या फोडणीच्या वासावरून त्यांनी एकदा हाउसमाइस्टरकडे, म्हणजे बिल्डिंगच्या केअरटेकरकडे, तक्रारही केली होती, त्यामुळे मी त्यांना बघून जिना चढायचे. एक दिवस तळघरात सायकल काढायला गेले तर त्या भिंतीवरची पाण्याची रेघ पुसत होत्या. पुसली जात नव्हती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "बाय उन्स आउख होखवासर," आमच्याकडे पण पूर. आणि मग पानशेत. १२ जुलै १९६१, धरण फुटलं, पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी, माझी आजी दोन पोरं घेऊन कुणाच्या तरी गच्चीवर. क्रियापदं सगळी चुकली, धरणाला जर्मनमध्ये काय म्हणतात माहीत नव्हतं तर हाताने भिंत करून दाखवली आणि फोडून दाखवली. बाईंनी फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, आजी वाचली का?

त्यानंतर मला दर रविवारी साडेतीनला कॉफी आणि केकला बोलावणं असायचं, आणि साडेतीन म्हणजे साडेतीन, पस्तीसला नाही. एक वर्षाने त्यांनी मला "डू" म्हणायची परवानगी दिली. आपल्याला हे कळतं बघ, इंग्लिश लोकांना नाही कळत, तुम्हीवरून तूवर येणं म्हणजे काय असतं ते. फोडणीची तक्रार त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, पण ती मला तोंडावर करायला लागल्या.

तर सांगायचा मुद्दा असा की तिथली माणसं गप्पा मारायला म्हणून भेटत नाहीत, काहीतरी करायला भेटतात, आणि करता करता बोलतात. म्हणूनच त्यांचे ते फेराइन, म्हणजे क्लब, गल्लीगल्लीत, गाण्याचे, बुद्धिबळाचे, बागकामाचे. तुला त्यातलं सोपं म्हणजे होखशुलश्पोर्ट, युनिव्हर्सिटीचे खेळाचे वर्ग, अगदी कमी पैशांत, बॅडमिंटनपासून काय काय असतं. एकच निवड, ठरलेल्या वारी संध्याकाळचं निवड, म्हणजे त्या दिवशी अंधार पडल्यावरही घराबाहेर पडावं लागेल. पहिले तीन आठवडे कुणी बोलणार नाही. चौथ्या आठवड्यात गैरहजर राहून बघ, पाचव्याला कुणीतरी विचारतं, मागच्या वेळी नव्हतीस. आणि जर्मन भाषेचा वर्ग परत सुरू कर, इंग्लिशमधल्या कोर्सला लागत नाही हे खरं, पण बेकरीत, डॉक्टरकडे आणि पुढे नोकरीच्या वेळी लागतेच. फ्लॅटमध्ये एक तास जर्मन बोलायचं ठरवा, चौघींचं मिळून एवढं हसू होईल की तेवढ्यासाठी तरी करा.

तू लिहिलं नाहीस पण पूर्व जर्मनी म्हणालीस म्हणून विचारते, ट्राममध्ये, रस्त्यात कुणी काही बोलतं का रंगावरून? त्याची सवय करून घ्यायची नसते. डबा बदल, माणसं आहेत तिथे जा, धमकी वाटली तर पोलीस ११०, आणि युनिव्हर्सिटीच्या भेदभावविरोधी कक्षाला लेखी कळव. जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे, घर भाड्याने देताना किंवा नोकरीत वंशावरून डावललं तर त्याखाली दाद मागता येते. यात तुझं काही चुकलं का हे शोधत बसू नकोस.

अंधाराचं थोडक्यात: डिसेंबरात तिथे सकाळी आठनंतर उजाडतं आणि चारला मावळतं, तू दुपारी उठतेस म्हणजे तुला दिवसाचा उजेड मिळतोय किती, दोन तास? रोज दहाच्या आत बाहेर, ढग असले तरी, वीस मिनिटं चालून ये. झोप एकदम तीनवरून अकरावर येणार नाही, उठण्याची वेळ आधी पकड. बाकी सूर्य नाही तर नाही, त्याचं कुणी काही करू शकत नाही.

आणि परत यावं का? नोव्हेंबरात ठरवू नकोस, एवढंच म्हणेन. आधी काउन्सेलर, मग घरी सांगणं, मग फेब्रुवारीचे पेपर, आणि मार्चमध्ये उजेड आल्यावर बस विचाराला. तोवर अगदीच तब्येत बिघडली तर सेमिस्टरची अधिकृत सुट्टी घेता येते का ते युनिव्हर्सिटीत विचार, पण राहायचा परवाना शिक्षणाला जोडलेला असतो म्हणून परदेशी नागरिकांच्या ऑफिसला आधी विचारल्याशिवाय अर्ज टाकू नकोस. आणि मार्चमध्येही वाटलं की हा विषयच माझा नाही, हा देशच नको, तर ये परत. सांगलीत लोक चार दिवस बोलतील. लोन फेडावं लागेलच, ते इथे नोकरी करूनही फेडतात लोक, जास्त वर्षं लागतात. घाबरून पळत येणं आणि बघून-तपासून येणं यात पुढच्या आयुष्यात फार फरक पडतो म्हणून घाई करू नको म्हणतेय, परत येण्यात कमीपणा आहे म्हणून नाही.

आइनझिश्टला काय झालं ते मला लिही. आणि बाबा काय म्हणाले तेही.

तुझी ताई

ता. क. तिकडे सुपरमार्केटात क्वार्क मिळतो ना, त्यातला चाळीस टक्के फॅटवाला घे, पातळ फडक्यात बांधून रात्रभर गाळणीत ठेव, सकाळी पिठीसाखर आणि वेलची घालून फेट. चक्क्याच्या जवळ जातो, आंबटपणा थोडा कमी पडतो म्हणून चमचाभर दही. खेळाच्या वर्गाला डबा भरून नेलास तर चौथ्या आठवड्याची वाट बघावी लागणार नाही.